पदराआड लपविलेले दुखणे

(वाचनाचा भाग : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ५, वचने २१ ते ४३)



आजच्या वाचनात ज्या स्त्रीची हकिगत आली आहे, तिचे नाव शुभवर्तमानकाराने दिलेले नाही. तिचे गाव कोणते, घराणे कोणते, तिला नवरा होता किंवा नव्हता, लेकरेबाळे होती किंवा नव्हती, ह्यांपैकी काहीच आपणांस ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढेच की, बारा वर्षे तिच्या अंगावरून रक्त जात होते. तिने पुष्कळ वैद्य केले. जवळ होते नव्हते ते सर्व वेचले. आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले. त्यातून मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशी स्त्री अशुद्ध. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायात हे सविस्तर लिहिले आहे. ती जेथे बसेल ते आसन अशुद्ध, जेथे निजेल ते अंथरूण अशुद्ध, आणि त्यास जो शिवेल तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बारा वर्षे जिला कोणी जवळ बसवून घेतले नाही, ती बाई येशूच्या समोर येऊन उभी राहिली नाही ह्यात नवल ते काय? ती गर्दीतून, मागच्या बाजूने आली.

हा भाग मी उपदेशासाठी अनेक वेळा घेतला आहे. प्रत्येक वेळी त्या स्त्रीच्या विश्वासाविषयी बोललो. तिचे दुखणे शरीराच्या कोणत्या भागाचे होते ह्याविषयी मात्र एक अक्षरही बोललो नाही. व्यासपीठावरून असे बोलणे शोभत नाही, अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी मोडली ते आज सांगावयाचे आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे, तीही सांगावयाची आहे.

आमच्या मंडळीत पन्नाशी उलटलेल्या एक विधवा भगिनी आहेत. सर्व गाव त्यांना मावशी म्हणतो, म्हणून मीही येथे तसेच लिहितो. ही हकिगत त्यांनीच मला लिहावयास सांगितली आहे. पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर त्यांच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले. सहा महिने त्यांनी हे कोणास सांगितले नाही. पुढे कंबर धरून बसण्याची वेळ आली, तेव्हा सुनेने शहरात नेऊन दाखविले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, असे निदान झाले. शस्त्रक्रियेने बरे होण्यासारखे ते राहिलेले नव्हते. डॉक्टरांनी किरणोपचार ठरविला. आपल्या गावांतून ह्याला शेक घेणे म्हणतात, कोठे लाइट घेणे म्हणतात. पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, ओटीपोटावर बाहेरून शेक. त्याबरोबर आठवड्यातून एकदा सलाइनवाटे औषध. आणि त्यानंतर काही वेळा आतून द्यावयाचा शेक. रुग्णालय चाळीस किलोमीटरांवर, आणि जाणेयेणे रोज एस.टी.ने.

मी पहिल्याच आठवड्यात भेटीस गेलो. गीत गाइले, वचन वाचले, लांब प्रार्थना केली. "मावशी, काळजी करू नका. ज्याचा विश्वास आहे त्याने घाबरावयाचे नसते," असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "होय, पाळकसाहेब." मला वाटले, समाधान झाले. दुसऱ्या आठवड्यातही असेच झाले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी रुग्णालयात जाणे बंद केले. विचारले असता म्हणाल्या, "आता पुष्कळ बरे वाटते आहे." आणि मी काय केले? रविवारी उपासनेत उभा राहून, आमच्या भगिनीस आराम पडला म्हणून देवाचे उपकार मानले. पुढच्या बाकावर त्या मान खाली घालून बसल्या होत्या. ते मी पाहिले, आणि मला ते नम्रतेचे लक्षण वाटले.

सहा शेक चुकले. सातव्या दिवशी रुग्णालयातील एका सिस्टरांचा फोन आला. त्या बाईंनी ना वचन वाचले, ना धीर दिला. त्यांनी विचारले, "मावशी, दिवसातून किती वेळा जावे लागते? रात्री उठावे लागते का? एस.टी.त लुगडे खराब झाले का?" त्यासरशी मावशींना रडू कोसळले. होय, तसेच झाले होते. भरल्या एस.टी.त, बाजाराच्या दिवशी, पोटाने दगा दिला होता. शेजारी बसलेली बाई नाकाला पदर लावून उठली होती. मावशी मधल्याच थांब्यावर उतरल्या, एका विहिरीवर लुगडे धुतले, आणि ओल्या अंगाने पाच मैल चालत घरी आल्या. त्या दिवसापासून त्यांनी जाणे सोडले. कर्करोगाने मरण आले तर येवो, पण ही शोभा पुन्हा नको, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. हे सर्व मला माझ्या पत्नीकडून कळले, कारण मला सांगण्याची सोय मी ठेवलीच नव्हती. 'काळजी करू नका' असे ज्याने आधीच सांगून टाकले, त्याच्याजवळ काळजी कोण बोलणार?

आता पुन्हा त्या रस्त्याकडे वळू. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूला आपल्या घरी नेत आहे. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजीत आहे. एक क्षणही गमावण्याजोगा नाही. अशा वेळी ती स्त्री मागून येऊन वस्त्राला शिवते आणि बरी होते. काम तर झाले होते. येशू तसाच पुढे गेला असता तरी ती बरीच राहिली असती, आणि याईराचा जीवही टांगणीला लागला नसता. पण तो थांबला. मला कोण शिवले, असे त्याने विचारले. शिष्यांना तो प्रश्न वेडगळ वाटला, कारण चहूकडून लोकांची रेटारेटी चालली होती. तरी तो पाहतच राहिला. अखेर ती थरथर कापत पुढे आली, पाया पडली, आणि तिने काही न लपविता सर्व सांगितले. कोठे सांगितले? गर्दीत, पुरुषांच्या देखत. आणि एका मरणाऱ्या मुलीचा बाप जवळ उभा असता येशूने ते सर्व ऐकून घेतले. तिचे दुखणे ऐकण्यासारखे आहे असे त्याला वाटले. मग त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. येशूने एखाद्या स्त्रीला ह्या शब्दाने हाक मारल्याचा चारही शुभवर्तमानांत हा एकच प्रसंग आहे. जिला बारा वर्षे कोणी शिवले नाही, ती सर्वांच्या देखत कोणाची तरी लेक झाली.

ह्या भागाचा आधार घेऊन काही लोक वैद्यांची निंदा करतात. पाहा, बारा वर्षे वैद्यांनी लुबाडले आणि विश्वासाने एका क्षणात झाले, असे म्हणतात. त्यांनी लूकाचे शुभवर्तमान उघडून पाहावे. लूक स्वतः वैद्य होता, असे पौलाच्या पत्रावरून कळते. त्याने हीच हकिगत लिहिताना दुखणे वाढत गेल्याची गोष्ट गाळली आहे. बिचाऱ्याला आपल्या धंद्याची लाज राखावीशी वाटली असेल! ते असो. हिज्कीया राजाने प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशयाने अंजिरांचे पोटीस करून गळवावर बांधावयास लावले, हे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. प्रार्थना ऐकली गेली म्हणून पोटीस टाकून दिले नाही. शेक बंद करून केवळ प्रार्थनेवर राहा असे जो सांगतो, तो देवाच्या हातातील एक साधन काढून घेतो. झाडपाल्याचे औषध देणारेही गावोगाव भेटतात. त्यांच्याकडून काही घेतले असेल, तर निदान ते डॉक्टरांपासून लपवू नये.

आता ज्यांच्यावर हा उपचार चालू आहे, किंवा ज्यांच्या घरात चालू आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी उघडपणे लिहितो. सिस्टर आणि डॉक्टर ह्यांच्याकडून मी त्या मागाहून शिकलो.

ओटीपोटात गर्भाशय, मूत्राशय, आतडे ही सारी एकमेकांना चिकटून आहेत. किरणांनी रोग मारावयाचा तर शेजाऱ्यांसही थोडी झळ लागते. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब सुरू होतात, लघवीला आग होते, वरचेवर जावे लागते. जांघेतील कातडी काळवंडते, कधी सोलवटते. हे रोग वाढल्याचे चिन्ह नव्हे, देवाचा कोप नव्हे, आणि विश्वासाची उणीवही नव्हे. शेक संपल्यावर काही आठवड्यांत ह्यातील पुष्कळसे आपोआप निवते. दररोजच्या शेकापूर्वी ठरावीक पाणी पिऊन लघवी धरून ठेवावयास सांगतात, तेही उगाच नव्हे. मूत्राशय भरले म्हणजे आतडे वर सरकते आणि त्याला किरण कमी लागतात. कातडीवर खुणा केलेल्या असतात, त्या घासून काढू नयेत. जांघेत साबण चोळू नये, घट्ट कपडा नेसू नये, आणि विचारल्यावाचून कोणतेही तेल वा मलम लावू नये.

जुलाबांसाठी गोळ्या आहेत, आणि त्या मागितल्या म्हणजे मिळतात. मावशींना त्या तीन दिवसांत लागू पडल्या. तीन दिवसांत! ज्या गोष्टीपायी त्या जिवावर उदार झाल्या होत्या, तिच्यावरचा उपाय रुग्णालयाच्या औषधांच्या कपाटातच होता. मऊ भात, पेज, मुगाचे वरण, केळे, ताक असे सोसेल ते थोडे थोडे आणि वरचेवर खावे. तिखट, तळलेले व कोंड्याचे पदार्थ काही दिवस दूर ठेवावेत. मीठ-साखरेचे पाणी किंवा दवाखान्यातून मिळणारी पुडी पाण्यात विरघळवून घेत राहावी. आठवड्यातून एकदा जे सलाइन देतात त्याने मळमळते, आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून पाणी भरपूर प्यावे असे डॉक्टर सांगतात. कानात आवाज येऊ लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर तेही बोलावे. मिश्री, तंबाखू, विडी ही सोडावीत. उपचाराचा त्रास त्यांनी वाढतो. परंतु अंगात ताप १०० अंशांच्या वर जाऊ लागला, थंडी वाजून आली, रक्त फार जाऊ लागले, लघवी बंद झाली, किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्या भगिनींना जुलाबांविषयी बोलावयास लाज वाटते. त्यांनी हे ऐकावे की, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विद्वान डॉक्टरांनी वर्षानुवर्षे हीच गोष्ट विचारून, मोजून, लिहून ठेवली आहे. शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या ३०० स्त्रियांच्या पोटाच्या तक्रारी त्यांनी नोंदविल्या. किरण अधिक नेमके सोडण्याच्या नव्या पद्धतीने, तीन वर्षांनंतरही राहणारा आतड्याचा त्रास शंभरांत ४२ स्त्रियांवरून २१ स्त्रियांवर आला, हे त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. त्या ३०० जणींनी जर पदर तोंडाला लावून 'बरे आहे' एवढेच सांगितले असते, तर ही गोष्ट कोणास कधी कळली असती काय?

आणि इतके सोसावयाचे तरी कशासाठी, असे एखादीला वाटेल, तर त्याच रुग्णालयातील दुसरी गोष्ट सांगतो. रोग बराच पुढे गेलेल्या ८५० स्त्रियांचे दोन भाग करून, एकीकडे केवळ शेक व दुसरीकडे शेकाबरोबर दर आठवड्यास औषध, असा उपचार झाला. २०१८ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. केवळ शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरांत ४६ जिवंत होत्या, आणि औषधही घेतलेल्यांपैकी ५४. हा फरक लहान आहे असे कोणी म्हणेल. शंभरांतल्या त्या आठ घरांत जाऊन त्याने तसे म्हणावे. शिवाय सर्व उपचार सुमारे आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा अशी डॉक्टरांची खटपट असते; मध्ये खंड पडला तर रोगास सावरण्यास अवधी मिळतो. मावशींचे चुकलेले सहा शेक डॉक्टरांनी हिशेब करून भरून काढले, पण चुकले ते चुकलेच. ते माझ्या मनावरून जात नाही.

आता काळजीविषयी. उद्याची काळजी उद्यावर सोपवावी, असा प्रभूचा उपदेश आहे खरा. पण तो उपदेश त्याने दुखणाइताच्या उशाशी उभे राहून रागे भरण्यासाठी दिलेला नाही. गेथशेमाने बागेत तो स्वतः काय करीत होता? आपला जीव किती कासावीस झाला आहे हे त्याने मित्रांना सांगितले. जवळ बसा, जागे राहा, अशी विनवणी केली. समोरचा प्याला टळावा अशी प्रार्थनाही केली. भय बोलून दाखविणे अविश्वास असेल, तर तो दोष प्रथम कोणाकडे जाईल ह्याचा विचार करावा. मी मावशींना जे म्हणालो ते वचनातले शब्द असतील, पण वचनातला प्रभू त्यात नव्हता.

पंचवीस शेक एकदम कोणाच्याने घेववत नाहीत. डॉक्टरही ते एकदम देत नाहीत. रोज थोडे थोडे देतात, म्हणजे निरोगी भागास मध्ये सावरावयास सवड मिळते. अरण्यातला मान्नाही असाच रोजचा रोज वेचावा लागे. उद्याचा आज साठविला तर नासे. मावशींच्या सुनेने भिंतीवर कोळशाने पंचवीस रेघा मारल्या होत्या, आणि रोज घरी आल्यावर मावशी एक रेघ पुसत. रात्री झोप येत नसे तेव्हा त्या रेघांकडे पाहत, असे त्या सांगतात. माझ्या दोन लांब प्रार्थनांपेक्षा त्या रेघांनी त्यांना अधिक आधार दिला, हे मी येथे कबूल करतो.

थकव्याविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे, कारण आपल्या घरांतून तो आळस समजला जातो. शेकाच्या दिवसांत असा थकवा येतो की, झोपूनही तो जात नाही, आणि उपचार संपल्यावर कित्येक महिने रेंगाळतो. ज्या बाईने तीस वर्षे पहाटे उठून चूल पेटविली, तिला आता हंडा उचलवत नाही, आणि ती मनात झुरते. तिने राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा. एलीया थकून झुडुपाखाली पडला आहे, मरण मागत आहे. देवदूत आला तो उपदेश घेऊन आला नाही. भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे घेऊन आला. एलीयाने खाल्ले, आणि तो पुन्हा झोपला. तरी देवदूत रागावला नाही. दुसऱ्यांदा भाकर आणली. देवाने त्याच्याशी जे बोलावयाचे ते चाळीस दिवसांनी बोलला. अंगणात थोडे चालणे झेपेल तितके रोज करावे, त्याने थकवा कमी होतो असा डॉक्टरांचा अनुभव आहे. पण घागर, लाकडे आणि शेत ह्यांना काही महिने दुसरे हात लागले पाहिजेत.

एक काळजी अशी आहे की, ती बायका बायकांतही बोलत नाहीत. हा रोग मला का झाला? मी काय पाप केले? शेजारणी कुजबुजतात, आणि नवऱ्याच्या मनात भलताच संशय येतो. ह्या रोगाचे कारण बहुतेक एक विषाणू असतो, हे आता नक्की कळले आहे. तो इतका सामान्य आहे की, संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून निघूनही जातो. थोड्यांच्या शरीरात तो राहतो, आणि त्यातून रोग व्हावयास पुष्कळ वर्षे लागतात. त्यावरून कोणाच्या शीलाविषयी काहीही सिद्ध होत नाही, स्त्रीच्या नाही आणि पुरुषाच्याही नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी पाप कोणाचे म्हणून विचारले, तेव्हा प्रभूने त्यांना गप्प केले होते. मंडळीतील ज्या जिभा अजून तोच प्रश्न विचारतात त्यांनीही गप्प बसावे. आणि हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी निजल्याने दुसऱ्यास होत नाही. बाहेरून शेक घेणाऱ्याच्या अंगात किरण राहत नाहीत; नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. आतून देतात तो शेकही, आजकाल बहुतेक ठिकाणी, साधन काढून घेतले की तेथेच संपतो. मावशींच्या घरी त्यांचे ताट वेगळे केले होते. लेवीयाचा पंधरावा अध्याय न वाचताही आपली माणसे तो पाळतात!

आतला शेक हा शब्द ऐकूनच पुष्कळजणी घाबरतात. भीती वाटणे साहजिक आहे. वेदना होऊ नयेत म्हणून औषध देतात. तरी दुखले तर ओठ चावून सोसण्यात काही पुण्य नाही, बोलावे. उपचारानंतर योनिमार्ग कोरडा व अरुंद होतो. पुढील तपासणी नीट व्हावी आणि संसारात अडचण येऊ नये म्हणून काही आठवड्यांनी डायलेटर नावाचे एक साधन वापरावयास शिकवितात. ते शिकून घेण्यात लाजिरवाणे काही नाही. नवऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस थांबा, नंतरही ती म्हणेल तेव्हाच. आणि तिचा रोग आपणांस लागेल ह्या भयाने अंथरूण वेगळे करू नका. ज्या तरुण भगिनींची पाळी ह्या उपचाराने कायमची जाते, त्यांना अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्यांवरही औषध आहे, विचारावे. मूल होण्याची आशा संपते त्याला मात्र औषध नाही. अशा भगिनीस हन्नेची गोष्ट सांगू नका. तिच्याजवळ बसा आणि तिला रडू द्या.

हे सर्व बायकांचेच आहे असे पुरुषांनी समजू नये. पुरःस्थ ग्रंथीचा, मूत्राशयाचा, गुदमार्गाचा कर्करोग पुरुषांना होतो, आणि त्यांचा शेकही ह्याच भागावर असतो. लघवी आवरत नाही, पुरुषत्व कमी होते, आणि चारचौघांत मिशीवर ताव देणारा माणूस घराच्या कोपऱ्यात बसून राहतो. बायकोशी बोलत नाही, डॉक्टरांशीही बोलत नाही. त्याने तरी कोणास सांगावे? पंचांनो, हे काम तुमचे आहे.

उपचार संपला म्हणजे काळजी संपते असेही नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनी, शौचातून किंवा लघवीतून रक्त दिसते, पाय सुजतो. ते रोग उलटल्याचेच लक्षण असते असे नाही, पण स्वतःच ठरवू नये, जाऊन दाखवावे. तपासणीची तारीख जवळ आली की मावशींचे जेवण तुटते, अजूनही. मी आता त्यांना काळजी करू नका असे म्हणत नाही. तारीख विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो.

आमच्या मंडळीने त्यानंतर जे केले ते थोडक्यात सांगतो. स्त्रियांच्या सभेने शेकाला जाणाऱ्या प्रत्येकीबरोबर एक सोबतीण देण्याचे ठरविले. पिशवीत जादा लुगडे, जुन्या सुती कापडाच्या घड्या, पाण्याची बाटली आणि दोन केळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हा उपचार होतो, त्याचे कागद करण्यास एक शिकलेला तरुण नेमला. कर्करोग्यांना रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, तोही दाखला तोच आणतो. मुंबईस जावे लागले तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रोगी व त्यांची माणसे उतरतात. आणि मी भेटीस जातो तेव्हा आता पत्नीस बरोबर नेतो. प्रार्थना शेवटी करतो, ती लहान करतो. आधी ती विचारते, आणि मी बाहेर ओट्यावर बसतो.

मावशींचा उपचार पुरा होऊन अडीच वर्षे झाली. शेजारच्या वाडीतील एका भगिनीचा शेक येत्या सोमवारी सुरू होत आहे. तिचा नवरा कामावर जातो, आणि घरात दुसरे कोणी नाही. सकाळी सातच्या एस.टी.ने तिच्याबरोबर मावशी जाणार आहेत. पिशवी त्यांनी शनिवारीच भरून ठेवली आहे, आणि त्या भगिनीच्या भिंतीवर मारावयास कोळसाही घेतला आहे.